घरात दूरध्वनी आहे, मग ब्रॉडबँड का नाही?
खानदेशातील तांब्याची तार : अडथळे, कारणे आणि ग्राहकाचे हक्क

घरात दूरध्वनी आहे, तो व्यवस्थित चालतो, देयक दर दोन महिन्यांनी वेळेवर भरले जाते. मात्र त्याच तारेवर ब्रॉडबँड मागितले की 'तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही' असे उत्तर मिळते. शेजारच्या गल्लीत तीच सेवा सुरळीत चालू असते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबांनी २००५ नंतरच्या दशकात हा अनुभव घेतला. निकाल पाहण्यासाठी सायबर कॅफेत रांग लावणारा यावलचा विद्यार्थी असो, केळीचे भाव जाणून घेऊ पाहणारा रावेरचा बागायतदार असो किंवा परदेशातील मुलाशी बोलण्यासाठी संगणक घेतलेले धुळ्यातील निवृत्त शिक्षक असोत, अडचण एकच होती. तार दारापर्यंत आली होती. पण तिच्यातून हवे ते येत नव्हते.

'तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही' हे एक उत्तर नसून किमान पाच वेगवेगळ्या कारणांना दिलेले एकच नाव आहे. त्यांतील काही कारणे अर्ध्या तासात दूर होण्यासारखी असतात, काहींसाठी नवी यंत्रसामग्री लागते आणि काहींवर तारेच्या बाबतीत उपायच नसतो. आपल्या घराला त्यांतील कोणते कारण लागू आहे, हे ग्राहकाला ठाऊक असेल तरच पाठपुराव्याला अर्थ राहतो. तांब्याच्या जागी आता प्रकाशतंतू येत असला, तरी अनेक घरांत जुनी तार अजून आहे आणि नकाराचे तेच उत्तर नव्या सेवेतही ऐकू येते. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेणे उपयुक्त ठरेल.

पार्श्वभूमी

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. त्यानंतरची सुमारे दहा वर्षे घरगुती इंटरनेट म्हणजे 'डायल-अप' होय. मोडेम दूरध्वनी केंद्राला क्रमांक लावत असे, विशिष्ट कर्कश आवाज होई आणि मग जोडणी होई. तोपर्यंत दूरध्वनी गुंतलेला राहत असे आणि इंटरनेटच्या शुल्काखेरीज स्थानिक कॉलचे शुल्कही चढत असे. मोडेमचा कमाल वेग सेकंदाला ५६ किलोबिट होता. या वेगाने एक मेगाबाइटची फाइल उतरवण्यास आदर्श स्थितीत सुमारे अडीच मिनिटे लागत. प्रत्यक्षात त्याहून अधिक लागत.

मुंबई वगळता उर्वरित महाराष्ट्रात सरकारी दूरध्वनी सेवा भारत संचार निगम लिमिटेडकडे, म्हणजे बीएसएनएलकडे आहे. हे निगम १ ऑक्टोबर २००० रोजी अस्तित्वात आले. त्याची डायल-अप सेवा 'संचारनेट' या नावाने ओळखली जात असे.

ऑक्टोबर २००४ मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केले. सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेगाने सतत उपलब्ध असणारी जोडणी म्हणजे ब्रॉडबँड, अशी व्याख्या त्यात करण्यात आली. २००५ अखेर ३० लाख, २००७ अखेर ९० लाख आणि २०१० अखेर २ कोटी ग्राहक असे उद्दिष्ट ठरले. प्रत्यक्षात २००५ अखेर सुमारे ९ लाख, २००७ अखेर सुमारे ३१ लाख आणि २०१० अखेर सुमारे १ कोटी १० लाख ग्राहकांपर्यंतच मजल गेली. उद्दिष्ट आणि वास्तव यांतील या दरीचा एक भाग दूरध्वनी असूनही ब्रॉडबँड न मिळालेल्या घरांचा होता.

बीएसएनएलने १४ जानेवारी २००५ रोजी 'डाटावन' या नावाने ही सेवा सुरू केली. सुरुवातीच्या ५०० रुपयांच्या घरगुती योजनेत महिन्याला ४०० मेगाबाइट वापराची मुभा होती. २५६ किलोबिटच्या वेगाने सलग वापर केल्यास ही मर्यादा सुमारे साडेतीन तासांत संपत असे. पुढे मर्यादा वाढली आणि रात्री दोन ते सकाळी आठ या वेळेतील वापर मोजणीतून वगळला गेला; तेव्हा पहाटे दोनचा गजर लावून संगणक सुरू करणाऱ्यांची एक पिढीच तयार झाली. १ जानेवारी २००७ पासून जेथे तार साथ देईल तेथे २ मेगाबिटपर्यंत वेग देण्यात आला.

या काळात एक महत्त्वाचा निर्णय मागे राहिला. घराघरांत पोहोचलेली सरकारी तांब्याची तार इतर सेवादात्यांनाही भाड्याने वापरू द्यावी, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २००४ मध्ये केली होती. धोरणाने ती बंधनकारक न करता परस्पर व्यावसायिक करारावर सोडली. परिणामी, एखाद्या केंद्रावर बीएसएनएलची यंत्रणा नसली, तर त्याच तारेवर दुसऱ्या कोणाकडून सेवा घेण्याचा मार्ग ग्राहकासमोर उरला नाही.

एका तारेवर दोन कामे

दूरध्वनीची तार म्हणजे एकमेकींभोवती पीळ दिलेल्या दोन बारीक तांब्याच्या तारांची जोडी. तांत्रिक कर्मचारी तिला 'पेअर' म्हणतात. मानवी आवाजासाठी या जोडीवर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच कंप्रता वापरली जाते. त्यावरील फार मोठा पट्टा मोकळा असतो. एडीएसएल तंत्रज्ञान त्याचाच उपयोग करते. सुमारे २५ ते १३८ किलोहर्ट्झ हा पट्टा घराकडून केंद्राकडे माहिती पाठवण्यासाठी आणि त्यापुढील ११०४ किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा केंद्राकडून घराकडे येणाऱ्या माहितीसाठी राखला जातो. येणारा मार्ग रुंद आणि जाणारा अरुंद असल्यामुळे त्यास 'असममित' म्हणतात. नंतरच्या एडीएसएल टू प्लस या प्रकारात वरची मर्यादा सुमारे २२०८ किलोहर्ट्झपर्यंत गेली आणि कमाल वेग ८ मेगाबिटवरून २४ मेगाबिटवर पोहोचला.

आवाज आणि माहिती वेगळी करण्यासाठी घरात 'स्प्लिटर' नावाची छोटी डबी बसवली जाते. केंद्रात हेच काम करणारे आणि शेकडो ग्राहकांच्या तारा एकत्र आणणारे यंत्र असते. त्याला 'डीस्लॅम' म्हणतात. घरातला मोडेम आणि केंद्रातला डीस्लॅम ही दोन टोके एकमेकांना ऐकू शकली, तरच ब्रॉडबँड चालते.

बहुतेक गैरसमजांचे मूळ येथेच आहे. आवाजाची कंप्रता कमी असल्याने तो लांबच्या, जोड दिलेल्या, किंचित ओल्या तारेतूनही पोहोचतो. उच्च कंप्रतेचा संकेत मात्र अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होतो आणि प्रत्येक वाईट जोडावर अडखळतो. म्हणून 'फोनवर आवाज स्वच्छ येतो, म्हणजे तार चांगली आहे' हा निष्कर्ष बरोबर नाही. याउलट, जोडीतील एक तार तुटली असता फोन बंद पडतो, पण ब्रॉडबँड कधी कधी रखडत का होईना चालू राहते, असेही घडते.

केंद्रापासून घरापर्यंत

ग्राहकाची तार दूरध्वनी केंद्रातील मुख्य वितरण चौकटीपासून निघते. तेथून शेकडो जोड्यांची जाड केबल जमिनीखालून रस्त्याच्या कडेच्या लोखंडी कपाटापर्यंत जाते. या कपाटातून लहान केबल वसाहतीत जाऊन वितरण पेटीत, म्हणजे 'डीपी'त, संपते. खांबावर किंवा भिंतीवर दिसणाऱ्या या पेटीत बहुधा दहा-वीस जोड्या असतात. डीपीपासून घरापर्यंत येणारी शेवटची तार बहुतेक ठिकाणी खांबावरून उघड्यावर येते आणि भिंतीवरील 'रोझेट' या डबीत संपते.

या प्रवासात तार अनेक ठिकाणी जोडलेली असते. प्रत्येक जोड हे पाणी, गंज आणि सैलपणा यांचे संभाव्य ठिकाण असते. म्हणूनच 'दोष कोठे आहे' या प्रश्नाचे उत्तर केंद्र, कपाट, डीपी, खांबावरील तार आणि घर या पाच टप्प्यांत शोधावे लागते.

नकाराची पाच कारणे

*१. केंद्रात यंत्रणा नसणे किंवा भरलेली असणे.* डीस्लॅम नसलेल्या केंद्राच्या हद्दीत तार कितीही उत्तम असली तरी सेवा मिळत नाही. खानदेशातील अनेक गावांत दूरध्वनी पोहोचला तो सी-डॉटच्या छोट्या ग्रामीण केंद्रांमुळे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने वातानुकूलनाशिवाय चालणारे आणि शंभर-सव्वाशे जोडण्यांचे केंद्र विकसित केले. गावोगावी फोन पोहोचवण्याचे श्रेय या केंद्रांना निःसंशय आहे. पण ती आवाजासाठी बनलेली होती. ब्रॉडबँडसाठी तेथे स्वतंत्र डीस्लॅम आणि त्यास जोडणारी मोठ्या क्षमतेची वाहिनी लागे. शहरांत प्रश्न निराळा होता. तेथे यंत्र होते, पण त्यावरील जागा, म्हणजे 'पोर्ट', संपलेले असत. अशा वेळी प्रतीक्षा यादी हेच खरे उत्तर असते, 'शक्य नाही' हे नव्हे.

*२. अंतर.* केंद्रापासून तारेची लांबी सुमारे तीन किलोमीटरपर्यंत असल्यास सेवा चांगली चालते. पुढे वेग घसरतो आणि पाच किलोमीटरच्या आसपास जोडणी टिकवणे कठीण होते. येथे मोजायचे अंतर सरळ रेषेतले नसून तारेचे असते. धुळ्यात पांझरेपलीकडे जायचे तर तारेलाही पूल गाठावा लागतो. जळगावात लोहमार्ग ओलांडायचा तर वळसा पडतो. त्यामुळे गच्चीवरून केंद्राचा मनोरा दिसतो, तरी तारेने ते चार किलोमीटरवर असू शकते.

*३. तार तांब्याची नसणे.* काही घरांतील फोन प्रत्यक्षात बिनतारी असत. छपरावर छोटा अँटेना आणि घरात नेहमीसारखाच दिसणारा फोन, अशी ही 'डब्ल्यूएलएल' सेवा होती. केबल टाकणे परवडत नसलेल्या विखुरलेल्या वस्त्यांसाठी देशभर तिचा वापर झाला. चेन्नईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत विकसित झालेली 'कॉरडेक्ट' ही त्यांतील एक प्रणाली. ती इंटरनेटही देत असे, पण सेकंदाला ३५ किंवा ७० किलोबिट वेगाने. अशा फोनवर एडीएसएल चालूच शकत नाही. काही वसाहतींत तार घरापासून जवळच्या कपाटापर्यंत तांब्याची आणि पुढे प्रकाशतंतूची असे. त्या कपाटातच डीस्लॅम बसवल्याखेरीज तेथेही सेवा अशक्य असते. या गटातील ग्राहकाने तारेसाठी आग्रह धरणे व्यर्थ आहे.

*४. सदोष जोडी.* तार तांब्याची आहे, अंतर योग्य आहे, केंद्रात जागा आहे, तरीही जोडणी टिकत नाही. याचे कारण ओला जोड, गंजलेले टोक, जमिनीशी होणारा संपर्क किंवा जुन्या जोडण्यांचे लोंबते फाटे हे असते. उपाय सोपा असतो. केबलमधील दुसरी चांगली जोडी देणे, जोड नव्याने करणे किंवा डीपीपासूनची तार बदलणे. अडचण असते ती केबलमध्ये चांगली जोडी शिल्लक नसल्यास.

*५. घरातील जोडणी.* अनेक तक्रारींचे मूळ घराच्या आतच सापडते. दुसऱ्या खोलीत नेलेला समांतर फोन स्प्लिटरच्या आधीच जोडलेला असणे, पीळ नसलेली स्वस्त तार, पंखा-मोटारीच्या वायरिंगबरोबर एकाच पाइपातून नेलेली फोनची तार, अशा गोष्टींनी चांगल्या रेषेचाही नाश होतो.

या पाचांपैकी चौथे व पाचवे कारण बहुतांशी लगेच दूर करता येते, पहिले यंत्रणेच्या नियोजनावर अवलंबून असते, दुसऱ्यावर मर्यादित उपाय आहेत आणि तिसऱ्यावर तारेपुरता उपाय नाही.

खानदेशची स्वतःची कारणे

तापी-गिरणेच्या खोऱ्यातील काळी माती केळी आणि कापसाला वरदान असली, तरी जमिनीखालच्या केबलला ती मानवत नाही. पावसाळ्यात ही माती फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला खोल भेगा पडतात. या हालचालीचा ताण केबलच्या जोडांवर येतो आणि पहिल्या जोराच्या पावसात तेथूनच पाणी शिरते. म्हणूनच जून-जुलैमध्ये तक्रारींना भर येतो.

दुसरे कारण उष्णता. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. तापमान २० अंशांनी वाढले, तर तांब्याचा विद्युतरोध सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो. जी तार मर्यादेच्या काठावर असते, ती हिवाळ्यात चालते आणि भर उन्हाळ्यात दुपारी तुटत राहते. उन्हाने खांबावरच्या तारेचे आवरण तडकते, ते वेगळेच. शिवाय वातानुकूलनाविना चाललेल्या छोट्या केंद्रांत डीस्लॅमसारखे तापणारे यंत्र ठेवणे हीसुद्धा एक अडचण होती.

तिसरे कारण वीज. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे दहा-बारा तास भारनियमन असे. साध्या फोनला केंद्रातून ४८ व्होल्टचा पुरवठा तारेतूनच मिळतो. म्हणून घरात अंधार असला तरी फोन चालतो. मोडेमला मात्र घरची वीज लागते. केंद्रातील विद्युतघटांवर भार वाढला की तेथील यंत्रणाही बंद पडे. ब्रॉडबँड घेतलेल्या कुटुंबाला त्यामुळे इन्व्हर्टरचा खर्चही करावा लागे.

चौथे कारण रस्ते. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. त्यांचे चौपदरीकरण, शहरांतील जलवाहिन्या आणि भुयारी गटारे यांसाठी होणाऱ्या खोदकामात केबल तुटणे नित्याचे झाले. तुटलेली शेकडो जोड्यांची केबल जोडताना एखादी जोडी चुकीच्या जोडीशी लागली, तर फोन चालतो, पण जोड्यांचा पीळ बिघडून गोंगाट वाढतो. तांब्याचा भाव वाढल्यावर केबलचोरीही वाढली.

पाचवे कारण विस्तार. जळगाव जिल्ह्यात १५ आणि धुळे जिल्ह्यात ४ तालुके आहेत. दूरध्वनीच्या दृष्टीने ते अनेक लहान क्षेत्रांत विभागलेले आहेत. जळगावचा संकेतांक ०२५७, धुळ्याचा ०२५६२, भुसावळचा ०२५८२, शिरपूरचा ०२५६३, अमळनेरचा ०२५८७, चाळीसगावचा ०२५८९. प्रत्येक क्षेत्रात मुख्य केंद्र आणि त्याभोवती लहान केंद्रे. शहरातील मुख्य केंद्रावर यंत्रणा आली, म्हणजे तालुक्यात ब्रॉडबँड आले असे म्हटले जाई. पण सातपुड्याच्या पायथ्याच्या गावाला त्याचा उपयोग नसे.

घरी करावयाची तपासणी

तक्रार नोंदवण्यापूर्वी पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात.

प्रथम घरातील सर्व समांतर फोन, कॉलर आयडी यंत्र आणि फॅक्स काढून मोडेम थेट रोझेटमध्ये येणाऱ्या तारेला जोडावा. जोडणी सुधारली, तर दोष घरात आहे. सुधारली नाही, तर तो बाहेर आहे.

दुसरे, मोडेमवरील 'डीएसएल' किंवा 'लिंक' असा दिवा पाहावा. तो लुकलुकत राहिल्यास केंद्राशी संपर्कच होत नाही. दोष तारेत किंवा पोर्टमध्ये आहे. तो स्थिर असून इंटरनेट चालत नसेल, तर दोष वापरकर्ता-नाव, परवलीचा शब्द किंवा मोडेमच्या मांडणीत शोधावा. बीएसएनएलच्या एडीएसएल जोडणीत 'व्हीपीआय' शून्य आणि 'व्हीसीआय' ३५ हे आकडे असावे लागतात. मोडेम पूर्ववत केल्यावर ते बदललेले असू शकतात.

तिसरे, मोडेमच्या माहिती-पानावरील दोन आकडे टिपून ठेवावेत. पहिला क्षीणतेचा, डेसिबलमध्ये. तो ४० पर्यंत असल्यास तार चांगली, ५० च्या पुढे कठीण आणि ६० च्या पुढे जवळजवळ निरुपयोगी. साधारणतः प्रत्येक किलोमीटरला १३ ते १४ डेसिबल क्षीणता येते. त्यावरून तारेच्या लांबीचा अंदाज बांधता येतो. दुसरा आकडा संकेत आणि गोंगाट यांतील फरकाचा. तो १० हून अधिक असावा. ६ च्या खाली गेल्यास जोडणी वारंवार तुटते. पहिला आकडा ठीक आणि दुसरा वाईट असेल, तर दोष अंतराचा नसून जोडांचा आहे, म्हणजे दुरुस्त होण्यासारखा आहे.

हे आकडे सकाळी, दुपारी आणि पाऊस पडून गेल्यावर असे तीन वेळा लिहून ठेवल्यास लाइनमनचे काम सोपे होते आणि ग्राहकाच्या म्हणण्याला वजन येते.

ग्राहकाचे हक्क

ट्रायने ऑक्टोबर २००६ मध्ये ब्रॉडबँड सेवेच्या दर्जाचे विनियम काढले. तांत्रिक शक्यता असल्यास मागणीपासून १५ कामकाजाच्या दिवसांत जोडणी द्यावी. पैसे भरून घेऊनही ती न दिल्यास दररोज १० रुपयांप्रमाणे, जोडणी-शुल्काच्या मर्यादेत, सवलत द्यावी, असे त्यात होते. दोष तीन कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ राहिल्यास सात दिवसांच्या, सात दिवसांहून अधिक राहिल्यास पंधरा दिवसांच्या आणि पंधरा दिवसांपुढे गेल्यास एक महिन्याच्या किमान शुल्काएवढी सूट देण्याची तरतूद होती. या विनियमांची जागा आता १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या विनियमांनी घेतली आहे. तक्रार करताना त्यांचाच आधार घ्यावा.

'तांत्रिक शक्यता असल्यास' या तीन शब्दांत खरी मेख होती. शक्यता कोणी, कशी तपासली आणि काय आढळले, हे ग्राहकाला कळत नसे. म्हणून नकार नेहमी लेखी मागावा आणि त्यात कारण नमूद करण्यास सांगावे. बीएसएनएल हे सार्वजनिक प्राधिकरण असल्याने २००५ चा माहिती अधिकार कायदा त्यास लागू आहे. आपल्या केंद्रात यंत्रणेची क्षमता किती, त्यांतील किती जागा रिकाम्या आहेत, आपल्या तारेची चाचणी कोणत्या दिवशी झाली, तिचे मोजमाप काय, असे नेमके प्रश्न विचारता येतात. 'ब्रॉडबँड का मिळत नाही' असा मोघम प्रश्न मात्र टाळावा. त्याचे उत्तरही मोघमच येते.

२०१२ च्या विनियमांनुसार प्रत्येक तक्रारीस नोंदणी क्रमांक मिळाला पाहिजे. मुदतीत निवारण न झाल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास ३० दिवसांच्या आत सेवादात्याच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे विनाशुल्क दाद मागता येते आणि अपिलाचा निर्णय ३९ दिवसांत अपेक्षित आहे. केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार संकेतस्थळाचा मार्गही खुला आहे.

ग्राहक न्यायालयाबाबत मात्र दीर्घकाळ संभ्रम होता. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २००९ रोजीच्या निकालात १८८५ च्या तार कायद्यातील लवादाच्या तरतुदीवर बोट ठेवून दूरध्वनी देयकांसारखे वाद ग्राहक मंचापुढे चालणार नाहीत, असे म्हटले होते. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी याच न्यायालयाने दूरसंचार सेवेविरुद्ध ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, असा निर्वाळा दिला. आज जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा आहे.

ग्रामीण भागासाठीचे प्रयत्न

२० जानेवारी २००९ रोजी सार्वत्रिक सेवा दायित्व निधीने बीएसएनएलशी करार केला. ग्रामीण केंद्रांतून पाच वर्षांत ८,८८,८३२ तारेच्या ब्रॉडबँड जोडण्या देणे आणि २८,६७२ माहिती केंद्रे उभारणे हा त्याचा उद्देश होता. या योजनेचा भर उपलब्ध ग्रामीण केंद्रे आणि तांब्याच्या तारा यांचाच उपयोग करण्यावर होता. पण त्याच काळात भ्रमणध्वनी स्वस्त झाला, घरातील फोन परत करण्याची लाट आली आणि ज्या तारेवर ब्रॉडबँड द्यायचे ती तारच काढून टाकली जाऊ लागली.

ऑक्टोबर २०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या राष्ट्रीय योजनेस मंजुरी मिळाली. पुढे तिचे नाव 'भारतनेट' झाले. दरम्यान ब्रॉडबँडची व्याख्याही बदलत गेली : २०१३ मध्ये किमान ५१२ किलोबिट आणि २०२३ मध्ये किमान २ मेगाबिट. एकेकाळी खानदेशातील घराने ज्यासाठी वर्षभर वाट पाहिली, त्या २५६ किलोबिटच्या जोडणीला आज ब्रॉडबँड म्हणताच येणार नाही.

आजची स्थिती आणि जुन्या तारेचे काय

जानेवारी २०२० अखेर बीएसएनएलचे सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्त झाले. त्यांत कोणत्या कपाटातून कोणती जोडी कोठे जाते, हे वहीत न पाहता सांगणारे अनुभवी लोकही होते. तांब्याची तार दुरुस्त करण्याचे ज्ञान त्यांच्याबरोबर गेले. भारत फायबर या नावाने मिळणारी प्रकाशतंतूची सेवा आता त्या तारेची जागा घेत आहे आणि खासगी सेवादात्यांचे जाळेही शहरांत पसरले आहे.

प्रकाशतंतूला अंतराचा, ओलाव्याचा आणि विजेच्या गोंगाटाचा त्रास जवळजवळ नाही. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, प्रकाशतंतूतून वीज येत नाही. घरातील वीज गेली की इंटरनेटबरोबर फोनही बंद होतो; म्हणून छोट्या यूपीएसची सोय आवश्यक आहे. घरात एकटे राहणारे वृद्ध असतील तर हा मुद्दा गौण समजू नये. दुसरी, जुना क्रमांक. तीस-चाळीस वर्षे नातेवाइकांच्या डायरीत असलेला क्रमांक सोडावा लागेल, या भीतीने अनेकजण जुनी तार धरून बसतात. त्याच केंद्राच्या हद्दीत क्रमांक कायम ठेवून प्रकाशतंतूवर जाता येते का, हे अर्ज करतानाच विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. जुना फोन आधी परत करून नंतर नवी जोडणी मागणे टाळावे.

फोन कायमचा परत करायचा असेल, तर यंत्र जमा केल्याची पावती, थकबाकी नसल्याचा दाखला आणि अनामत रकमेची मागणी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी पूर्ण कराव्यात.

प्रकाशतंतूच्या सेवेतही 'तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही' हे शब्द ऐकू येतात. तेव्हाही प्रश्न तेच विचारावेत. जवळची वितरण पेटी किती अंतरावर आहे? तिच्यात जागा आहे का? नसल्यास ती कधी वाढणार? उत्तर अंतराचे असेल तर पर्याय शोधावा, जागेचे असेल तर प्रतीक्षा यादीत नाव नोंदवून क्रमांक घ्यावा आणि दोषाचे असेल तर दुरुस्तीचा आग्रह धरावा. तांब्याच्या तारेच्या काळात ज्यांनी हा भेद जाणून घेतला, त्यांतील अनेकांना एक जोडी बदलून वा एक जोड नवा करून सेवा मिळण्यासारखी होती. ज्यांनी नकार अंतिम मानला, ते त्याच तारेवर फक्त बोलत राहिले.